कुरळे केस घरी रंगवायचे का? बॉक्स, मेहंदी, हायलाइट आणि पार्लर

पहिले एकच ठरवा बाई, केस आहेत तेवढेच किंवा त्याहून गडद पाहिजेत, का उजळ पाहिजेत? ब्रँड कोणता, खर्च किती, घरी का पार्लर, हे सगळं त्याच्यानंतर येते. आपल्याकडचे बहुतेक केस सलूनवाल्यांच्या मोजणीत लेव्हल १ नाहीतर २, म्हणजे काळे किंवा काळपट ब्राऊन, आणि इन्स्टावर जो कॅरमल रंग पाहून आपण सगळ्या खुळावून राहिलो तो लेव्हल ७ च्या आसपास राहते. मधल्या पाच लेव्हल ब्लीचशिवाय होत नाहीत, खोक्यावरच्या बाईचा फोटो काहीही सांगो.

आणि कुरळ्या केसांचं थोडं वेगळं असते. टाळूचं तेल वळणं घेत घेत टोकापर्यंत पोचतच नाही, म्हणून टोकं आधीच कोरडी, त्यात वळणावर वरचा थर जरासा उचललेला राहते, असा केस रंग पटकन पिते आणि पटकन सोडते पण. त्यामुळे सरळ केसांच्या बहिणीला जो डाय मस्त बसला तोच तुम्हाला मुळाशी वेगळा आणि टोकाला वेगळा दिसू शकते.

आता पांढरे झाकायचे किंवा काळ्यावरून डार्क ब्राऊन, बरगंडी एवढंच करायचं असेल तर खोक्यातला क्रीम कलर घरी आरामात होते. दोन-अडीचशेपासून मिळते, पण केस दाट कुरळे आणि खांद्याच्या खाली असतील तर दोन खोके आणाच, नाहीतर मागचा भाग तसाच राहून जाते आणि मग कॅप घालून दुकानात कोण जाणार. यातला डेव्हलपर (रंगात मिसळायचं द्रव) बहुतेक वेळा २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, तो एखाद-दोन लेव्हल उजळ करते, बस. म्हणून बरगंडी घरात काळीच दिसते आणि आपल्या नागपुरात फुटाळा तलावावर उन्हात उभं राहिलं की लाल झाक मारते. मला तर तेच आवडते, ऑफिसात कोणी विचारत नाही. "अमोनिया फ्री" वाचून फार खूश होऊ नका, अमोनियाच्या जागी बहुतेक मोनोइथेनॉलअमाइन टाकलेलं असते, वास कमी येते एवढंच, पेरॉक्साइड आहेच आणि गडद शेडमध्ये पीपीडी (गडद रंग देणारं रसायन) पण बऱ्याचदा असतेच. पीपीडीची ॲलर्जी म्हणजे कपाळ, डोळे सुजून बसतात, म्हणून कानामागे लावून ४८ तास वाट पाहा, आधी कितीही वेळा लावला असला तरी, कारण ही ॲलर्जी वर्षानुवर्षं काही न होता एक दिवस सुरू होऊ शकते. आणि दर महिन्याला फक्त वाढलेल्या मुळांनाच लावा, पूर्ण लांबीवर परत परत ओढत बसलं तर टोकं काळीकुट्ट आणि झाडूसारखी होतात.

याच्या बाजूला ठेवायची ती मेहंदी. पेरॉक्साइड नाही, रंग केसाच्या केराटिनला, म्हणजे केसातल्या प्रथिनाला, धरून बसते, आणि राजस्थानच्या सोजतची चांगली मेहंदी (२०२१ मध्ये जीआय टॅग मिळालेली) आता कुठंही मिळते. पण मेहंदी केस उजळ करत नाही, काळ्यावर फक्त लालसर थर देते, पांढऱ्यावर भगवा. काळा पाहिजे तर मेहंदी धुऊन वरून इंडिगो (निळीच्या पानांची पावडर), म्हणजे अर्धा रविवार गेला, आणि कुरळ्या केसातून ते भुसे काढता काढता बाथरूमची जी अवस्था होते ते आईलाच विचारा. कंडिशनर ओतून धुतलं तर निघते, नुसत्या पाण्याने नाही. दुसरं म्हणजे सारखी सारखी लावली तर काहींचे कर्ल सैल पडतात, केस जड होतात. स्प्रिंगसारखे घट्ट कर्ल हाच ज्यांचा जीव आहे त्यांनी पूर्ण डोक्याला लावायच्या आधी एका बटेवर लावून पाहा. आणि "काळी मेहंदी" म्हणून जे सॅशे मिळतात त्यात मेहंदी नावाला आणि पीपीडी कामाला अशी गोष्ट खूपदा असते, मागची बाजू वाचा, नैसर्गिक समजून घेऊ नका.

सेमी परमनंट वाले निळे, जांभळे, गुलाबी रंग सगळ्यात निरुपद्रवी, कंडिशनरसारखेच लागतात, डेव्हलपर नाही. पण काळ्या केसांवर दिसतच नाहीत, ब्लीच केलेल्यावरच दिसतात, म्हणून तुमच्या केसांवर अजून काही केलेलं नसेल तर पैसे घालू नका. एका लग्नापुरता रंग पाहिजे तर हेअर कलर वॅक्स बरं, काळ्यावर पण दिसते, कर्ल छान बांधले जातात आणि एका धुण्यात जाते. फक्त मे महिन्यातलं लग्न असेल तर विसरा, घामासोबत मानेवर आणि तिथून ब्लाऊजवर उतरते.

आता खरा प्रश्न हायलाइटचा, त्याच्यावरच सगळे अडकून राहिले आहेत. किट आणून घरी करायचं का पार्लरमध्ये जाऊन हजारो रुपये द्यायचे? (केसांच्या लांबीवर किंमत ठरते, धरमपेठ-सदरकडे विचाराल तर आकडा ऐकून पाणी प्यायला लागते.) घरच्या किटमध्ये पावडर ब्लीच राहते, म्हणजे परसल्फेट आणि पेरॉक्साइड, आणि ते काळा रंग काढताना मधे लाल, मग नारंगी, मग पिवळा अशा क्रमानेच जाते. बहुतेक जणी नारंगीवर थांबतात, एकतर वेळ होऊन जाते नाहीतर भीती वाटते, आणि नको ती झाक मारायला वरून टोनर लावायचा असते हे किटवाल्याने मोठ्या अक्षरात सांगितलेलं नसते. नारंगीला निळा टोनर, पिवळ्याला जांभळा, उलटं केलं तर झाक जात नाही. आणि लवकर व्हावं म्हणून ४० व्हॉल्यूम घरात आणूच नका, २० वर हळूहळू होऊ द्या. कर्लचा आकार ज्या बंधांवर टिकून राहते तेच ब्लीचमध्ये तुटतात, जास्त झालं की ती बट ओली असताना भिजलेल्या शेवयांसारखी ओढली जाते आणि वाळली की वळत नाही, सरळ लोंबते. ती परत कुरळी होत नाही, कापावीच लागते. डाय बिघडला तर वरून गडद करता येते, हे तसं नाही.

शिवाय लावायची जागा. किटसोबत येणारी भोकाची टोपी कुरळ्या केसांवर चालवूच नका, गुंत्यातून केस ओढता ओढता अर्धे तुटतात. आणि ओले केस विंचरून सरळ पट्टे काढले तर वाळल्यावर कर्ल वर चढतात, कोणता पट्टा कुठं येईल याचा नेम नाही, झेब्रा होते. म्हणून कर्ल कळणारे लोक कोरड्या, मोकळ्या कर्लवरच ब्रशने एकेक वळण रंगवतात, त्याला पिंतुरा म्हणतात. स्वतःच्या डोक्याच्या मागे हे आरशात पाहून करणं, मी तर म्हणते, कोणालाच जमत नाही.

घरी करायचंच असेल तर माझं मत, चेहऱ्याजवळच्या दोन-तीन बटाच घ्या. समोरच्या, दिसतात अशा, हात पोचते अशा. मुळापासून बोटभर सोडून लावा, टाळूच्या गरमीने तिथं ब्लीच लवकर चढते. आधी मानेमागच्या आतल्या एका बटेवर करून पाहा. दर दहा मिनिटांनी पुसून बघा आणि पाकिटावर जेवढा जास्तीत जास्त वेळ लिहिला आहे त्याच्या पुढे जाऊ नका, रंग आला नसला तरी. आणि कुलरसमोर बसू नका बाप्पा! ब्लीच वाळलं की काम थांबते, वरून नारंगी डाग. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर, खोली तापलेली, त्यात प्रोसेस किती वेगाने जाईल अंदाज येत नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हे काम करा, गारव्यात हळू चढते पण हातात राहते.

पूर्ण डोक्याचे हायलाइट, किंवा आधी मेहंदी, इंडिगो, काळा डाय झालेला असेल, तर घरी नको. आधीच्या डायला नवा डाय उजळ करत नाही, इंडिगोवर ब्लीच पडलं तर हिरवट येऊ शकते, आणि भेसळीच्या मेहंदीत धातूचे क्षार असले तर पेरॉक्साइड लागल्यावर केस गरम होतात, जळतात पण. पार्लरमध्ये हे लपवू नका, दोन वर्षांपूर्वीची मेहंदी असली तरी सांगा, कारण तो केस लांबीत अजून आहेच.

पार्लर निवडताना मी फक्त एक विचारते, कलर करायच्या आधी केस ब्लो ड्राय करून सरळ करता का? हो म्हणाले तर धन्यवाद म्हणून निघायचं. कुरळ्या केसांचे त्यांनीच केलेले फोटो मागा, गुगलवरचे नाही. बाँड बिल्डर (ब्लीचमध्ये तुटणारे बंध सांभाळणारं) लावतात का तेही विचारा, त्याने नुकसान कमी होते, शून्य होत नाही. आणि बेसा-बेलतरोडीकडे बोअरच्या पाण्यावर राहत असाल तर बजेटमध्ये चिलेटिंग शॅम्पू (क्षार काढणारा) आधीच धरा, जड पाण्यातले क्षार उजळ बटांवर बसतात, टोनर लवकर मरते. हायलाइटच्या आधी एकदा आणि नंतर महिन्यातून एकदा तो वापरायचा, बाकी दिवस सल्फेट फ्री आणि भरपूर कंडिशनर.