फ्रँकफर्टला येताय? बॅगेत काय भरायचं आणि इथे काय घ्यायचं

सप्टेंबर लागला की माझ्या फोनवर एकाच प्रकारचे मेसेज यायला लागतात. ताई तूरडाळ किती आणू, कुकर आणू का, तिकडे पोहे मिळतात का, आई विचारतेय तूप चालेल का. ऑक्टोबरपासून इथल्या युनिव्हर्सिट्यांचं हिवाळी सेमिस्टर चालू होतं आणि पुणे नाशिक कोल्हापूरकडची पोरं 23 किलोची बॅग घेऊन उतरतात, त्यातले दहा किलो नुसते डाळ-तांदूळ असतात. ते बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण डिसेंबरात ज्या चवीसाठी जीव कासावीस होतो ती त्या बॅगेत नसतेच. म्हणून एकदा नीट बसून लिहितेय. मी फ्रँकफर्टला राहते म्हणून इथलंच सांगते, जर्मनीतल्या बाकी मोठ्या शहरांत बरंचसं असंच आहे.

रस्ते मुळात चार आहेत. घरून बॅगेतून आणायचं, देशी म्हणजे भारतीय किराणा दुकानातून घ्यायचं, बाकीच्यांच्या दुकानातून म्हणजे तुर्की, श्रीलंकन तमिळ, थाई, व्हिएतनामी यांच्याकडून घ्यायचं, नाहीतर साध्या जर्मन सुपरमार्केटमधून आणून घरी करायचं. पार्सल हा पाचवा, त्याचं शेवटी बोलू.

आधी बॅगेत काय चालतच नाही ते बघा. युरोपियन युनियनच्या बाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. थोडेसुद्धा नाहीत, घरचे असले तरी नाहीत. म्हणजे तूप, खवा, पेढे, बर्फी, चक्का, पनीर सगळं बाद. पहिल्या खेपेला मी आजीने कढवलेलं दोन किलो तूप आणलं होतं, ते विमानतळावरच गेलं, नियम मीच वाचला नव्हता, पण आजीला फोनवर सांगताना जे वाटलं ते अजून आठवतं. मासळीचं मात्र उलट आहे. माणशी 20 किलोपर्यंत मासळी चालते आणि त्यात सुकी पण येते, त्यामुळे कोकणातल्या लोकांनी सोडे, सुकट, बोंबील बिनधास्त आणा, फक्त तीन पिशव्यांत घट्ट बांधा आणि वर डबा लावा नाहीतर स्वेटरचा वास सेमिस्टर संपेपर्यंत जाणार नाही. ताजी भाजी आणि फळं यांना रोग-कीड नसल्याचं सर्टिफिकेट लागतं (नारळ, केळी, अननस अशी दोन-चार फळं सोडून), म्हणजे कढीपत्ता, अळू, आंबा बॅगेतून नको. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या पण नको, सुकं खोबरं पेट घेऊ शकतं म्हणून विमान कंपन्यांच्या मनाईच्या यादीत ते असतं. आणि दुबईमार्गे येत असाल तर खसखस अजिबात ठेवू नका, तिकडे तिच्यावर बंदी आहे आणि प्रकरण गंभीर होतं. इथे खसखस कुठल्याही सुपरमार्केटात मिळते, केकच्या सामानाच्या रांगेत, काळसर निळी असते, पांढरी पाहिजे असेल तर तुर्की किंवा देशी दुकानात बघायची.

आता तूप गेलं म्हणून रडू नका, कारण दुधाच्या बाबतीत जर्मनी आपल्याला खूप देते. बिनमिठाचं लोणी प्रत्येक दुकानात 250 ग्रॅमच्या पाकिटात असतं, पण त्यात मुख्य दोन जाती आहेत. झ्युसराम म्हणजे गोड सायीचं आणि झाउअरराम म्हणजे आंबवलेल्या सायीचं. तूप कढवायला आंबवलेल्या सायीचंच घ्यायचं, आपण विरजण लावून लोणी काढतो तसाच प्रकार आहे तो, वास घरच्या तुपाच्या अगदी जवळ जातो. बुटरश्माल्झ नावाने तयार डबा मिळतो, ते तूपच, तळायला ठीक, पण वरणभातावर घेतलं तर वास कमी वाटतो. आणि श्रीखंड! इथे क्वार्क नावाचा प्रकार मिळतो, तो म्हणजे जवळजवळ चक्काच. डब्यावर 40% फॅट लिहिलेला घ्यायचा, रात्रभर कापडात बांधून फ्रीजमध्ये टांगायचा, सकाळी साखर, वेलची, केशर. बिनफॅटवाला घेऊ नका, तो खरखरीत आणि आंबट लागतो. मी गुढीपाडव्याला दरवर्षी हेच करते आणि भारतातून आलेल्या पाहुण्यांना हे श्रीखंड आहे असं वेगळं सांगावं लागलेलं नाही.

डाळी, पोहे, रवा, चहा, हिंग, मोहरी, हळद, पापड हे सगळं देशी दुकानात मिळतं. इथे मुख्य स्टेशनसमोर म्युन्शनर श्ट्रासे नावाचा रस्ता आहे, तिथे देशी, अफगाण, तुर्की दुकानं ओळीने लागलीयत, एका फेरीत महिन्याचं सामान होतं. भारतापेक्षा महाग पडतं हे खरं, पण बॅगेतला एक किलो तुम्ही तूरडाळीवर घालवला तर त्या जागी न मिळणारी वस्तू राहून जाते, हिशोब असा करायचा. पोहे जाड मिळतात, पातळ पोह्यांचं नशीब असेल तसं. रवा मात्र जर्मन दुकानात पण मिळतो, तिथे हार्टवाइझन म्हणजे कडक गव्हाचा घ्या, उपमा मोकळा होतो, वाइशवाइझन मऊ गव्हाचा असतो त्याचा गिचका होतो, शिऱ्याला मात्र चालतो.

तांदळाचं थोडं वेगळं आहे. देशी दुकानात बासमती, सोना मसुरी, पोन्नी असतो. आंबेमोहोर आणि इंद्रायणी क्वचित. थाई दुकानातला जास्मिन तांदूळ वरणभाताला बरा जातो, मऊ होतो, वास पण असतो, पण आंबेमोहोराचा नाही. मी दोन किलो आंबेमोहोर आणते आणि तो रोज खात नाही, आजारी पडलं की किंवा सणाला.

भाकरीबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. देशी दुकानात ज्वारीचं पीठ मिळतं, पण ते कधी दळलंय हे बघितल्याशिवाय घेऊ नका. जुन्या पिठाला विरी राहत नाही, थापताना कडा फाटतात, तव्यावर टाकायला उचलली की हातात तुकडे, आणि मग पोरांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. तुम्हाला जमतं, पीठ जुनं आहे! तसं पीठ आलंच तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळायचं, बऱ्यापैकी सांभाळून घेतं. बाजरीचं तर आणखी लवकर कडू होतं, त्यामुळे ते बॅगेतून पाच किलो आणून ठेवण्यात काही अर्थ नाही, अर्धा किलो आणा आणि फ्रीजरमध्ये टाका. इथल्या लोकांना घरी धान्य दळून ब्रेड करायची आवड आहे म्हणून घरगुती छोट्या गिरण्या मिळतात, गेट्राइडेम्युले म्हणतात. स्वस्त नाहीत, पण चार जणांनी मिळून घेतली आणि बायो म्हणजे सेंद्रिय मालाच्या दुकानातून ज्वारी आणली (झोर्गुम नाव शोधा, मिळेल तेव्हा जास्त घ्या) तर ताज्या पिठाची भाकरी जर्मनीत होते. आमच्या बिल्डिंगमधल्या तीन घरांत मिळून एक आहे. शिकायला आलेली पोरगी विद्यार्थीदशेत असा खर्च करणार नाही हे मला कळतं, पण नोकरीवर कुटुंबासकट येणाऱ्यांनी जरूर विचार करा. पोळीचं त्या मानाने सोपं आहे, देशी दुकानातला आटाच घ्या, जर्मन कणकेचा कोंडा जाडा असतो, पोळी चिरते.

बाकीच्यांच्या दुकानांकडे आपले लोक फार उशिरा वळतात, मी पण दोन वर्षांनी गेले. श्रीलंकन तमिळ दुकानात ताजा कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, कारली, पडवळ, दुधी, खवलेला फ्रोजन नारळ. ताजा माल ठराविक वारी येतो, तो वार विचारून ठेवा. सुपरमार्केटातला अख्खा नारळ मी आता घेत नाही, पाचातले दोन आतून खराब निघतात. थाई दुकानात तांदळाचं पीठ मिळतं ते इतकं बारीक असतं की उकडीच्या मोदकांना पाकळ्या छान पडतात, फक्त चिकट तांदळाचं उचलू नका, दोन्ही पाकिटं सारखीच दिसतात. व्हिएतनामी दुकानात कच्चे शेंगदाणे. साबुदाणा मात्र देशी दुकानातलाच, त्यांचे टॅपिओकाचे मोती खीर-पुडिंगसाठी असतात, खिचडीला लगदा होतो.

तुर्की दुकानात कोथिंबिरीच्या मोठ्या जुड्या, छोटी वांगी, आणि उन्हाळ्यात सेमिझोतु नावाची पालेभाजी येते. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी दुकानात उभी राहून पान तोडून चाखलं, ती आपली घोळ आहे! डाळ घालून केली, आई करायची तशीच झाली. तसंच आंबट चुक्याचं. वसंतात इथे झाउअराम्फर मिळतो, चुक्याच्याच जातीचा, चव तीच आंबट. फ्रँकफर्टची स्वतःची हिरवी चटणी आहे, ग्र्युने झोसे, सात पाल्यांची, त्यात हा असतो आणि आपल्या अळिवाचं कोवळं रोप पण असतं, क्लाइनमार्क्टहाले नावाच्या इथल्या मंडईत सातही पाले एकत्र कागदात गुंडाळून विकतात. इथली माणसं अळीव पेरून त्याचं रोप खातात आणि आपण बी लाडवात घालतो. त्यामुळे अळिवाचं बी इथे क्रेसं नावाने मिळतं, फक्त शेतात पेरायचं औषध लावलेलं नको, मोड आणून खायचं बायोवालं घ्या. अळूच्या पानांना पर्याय मँगोल्ड, त्याच्या वड्या होतात, घशाला खाज नाही हा फायदाच.

उपासाचं पण असंच. राजगिरा इथे अमरांथ म्हणून बायो दुकानात आणि ड्रगस्टोअरमध्ये मिळतो, त्याच्या लाह्या पण तयार मिळतात, गूळ आणला की लाडू झाले. वरई देशी दुकानात. 

मग बॅगेत काय? माझं मत ठाम आहे, बॅग मसाल्याची आणि आंबटाची. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, भाजणी (चकलीची आणि थालीपिठाची), आमसुलं, कुळथाचं पीठ, सांडगे, कुरडया. देशी दुकानातली शेल्फं बहुतेक उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या चवीने भरलेली असतात, गरम मसाल्याचे दहा प्रकार आणि सांबाराचे पाच, पण गोडा मसाला मिळाला तरी आपल्या घरचा नसतो, त्यात तुमच्या आईने दगडफूल किती आणि तीळ किती घातले ते पाकिटवाल्याला कसं कळणार. त्यात खोबरं आणि तीळ असतात म्हणून तेलकट वास येतो काही महिन्यांनी, आल्या दिवशी छोट्या बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवा, वर्ष निघतं. लोणचं आणायचं तर चेक-इनमध्ये, बरणीत नको, जाड पिशवीत सील करून.

ऑनलाइन देशी दुकानं जर्मनीभर माल पाठवतात, छोट्या गावात युनिव्हर्सिटी असेल तर हाच खरा आधार, दोन-तीन जणांनी मिळून मागवा म्हणजे डिलिव्हरीचा खर्च वाटला जातो. भारतातून पार्सल मी फक्त दिवाळीला मागवते. घरच्यांनी भेट म्हणून पाठवलेलं 45 युरोपर्यंत ड्युटीशिवाय येतं, त्यावर गेलं की कागदपत्रं आणि फेऱ्या. पेढे बर्फी पार्सलनेही नको, नियम तोच आहे. चकली, चिवडा, शंकरपाळे येतात, थोडे मोडून येतात. हापूसच्या पेट्या मात्र सीझनला इथली दुकानंच विमानाने मागवतात. 2014 च्या मे महिन्यात फळमाशीमुळे युरोपने भारतातल्या आंब्यावर बंदी घातली होती, 2015 च्या सुरुवातीला ती उठली, तेव्हापासून एप्रिल-मे मध्ये पेटी मिळते. महाग असते. मी एक घेते.

एक शेवटचं, शनिवारी रात्री किंवा रविवारी उतरत असाल तर. रविवारी इथे सगळी सुपरमार्केटं बंद असतात, विमानतळ आणि मोठ्या स्टेशनातली दुकानं तेवढी उघडी. म्हणून एक किलो तांदूळ आणि मेतकुटाची पिशवी बॅगेत अगदी वर ठेवा, स्टेशनातून लोण्याचं एक पाकीट घ्या. खोलीत गादी नसेल, इंटरनेट नसेल, पण मऊ भात, त्यावर वितळलेलं लोणी आणि मेतकूट एवढं होईल, घरून फोन करून आई जेवलीस का विचारेल तेव्हा हो म्हणता येईल.