चाकाखालचे ठोकळे : चार वाहनांवर नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या जून महिन्यापासून मी औसा तालुक्यातील आमच्या शेतावर आणि लातूरच्या बाजार समितीच्या फेऱ्यांमध्ये चाकाखाली लावायचे ठोकळे, ज्यांना दुकानात व्हील चोक म्हणतात, नियमितपणे वापरत आहे. घरी एक लहान कार, एक पिकअप, एक ट्रॅक्टर आणि त्याची दोन चाकी ट्रॉली आहे. त्यापूर्वी आम्हीही सगळ्यांप्रमाणे जवळचा दगड उचलून चाकाला लावत असू. त्याआधीच्या हंगामात सोयाबीनची पोती भरताना ट्रॅक्टरच्या ब्रेकची कडी निसटली, ट्रॉलीखालचा दगड लोळला आणि ट्रॉली चार-पाच फूट मागे आली. मागे उभ्या असलेल्या माणसाने वेळेवर उडी मारली म्हणून तो वाचला. त्या दिवसानंतर दगड लावायचा नाही, हे मी ठरवले.

सुरुवातीला मी एकच चूक केली, ती म्हणजे चारही वाहनांसाठी एकाच मापाच्या रबरी ठोकळ्यांच्या दोन जोड्या घेतल्या. त्यांची उंची १५ सेंटिमीटर आहे. ठोकळ्याची उंची चाकाच्या व्यासाच्या साधारण एक चतुर्थांश असावी, हा ढोबळ नियम मला नंतर समजला आणि मी टेप घेऊन चाके मोजली. कारचे चाक ६२ सेंटिमीटर, पिकअपचे ६५, ट्रॉलीचे ८९ आणि ट्रॅक्टरचे मागचे चाक १३० सेंटिमीटरच्या आसपास भरले. म्हणजे कार आणि पिकअपसाठी घेतलेला ठोकळा योग्य होता, ट्रॉलीला २२ सेंटिमीटरचा हवा होता आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला ३२ सेंटिमीटरचा. हा नियम केवळ कागदावरचा नाही. बांधाजवळच्या उतारावर भरलेली ट्रॉली माझ्या डोळ्यांदेखत या रबरी ठोकळ्यावर हळूहळू चढू लागली होती; चाक जितके मोठे, तितका त्याला तोच ठोकळा बुटका पडतो आणि वरच्या भाराच्या जोरावर ते त्याला ओलांडून जाऊ पाहते.

ट्रॅक्टरच्या मापाचा ठोकळा मला जवळपास कुठेच मिळाला नाही. शेवटी गावातील सुताराकडून बाभळीच्या लाकडाची जोडी करून घेतली. एकेक नग बारा किलोच्या आसपास आहे. वजन जास्त आहे, परंतु बैलगाडीची चाके ज्या लाकडाची होत असत त्याची मजबुती येथेही उपयोगी पडते. मागच्या टायरच्या खाचा खोल असल्यामुळे अरुंद ठोकळा दोन खाचांच्या मध्ये अडकून तिरका होतो, म्हणून रुंदी टायरच्या निम्म्यापेक्षा जास्त ठेवायला सांगितली.

वाहनापेक्षा जमीन महत्त्वाची आहे, हे मात्र मला पावसाळ्यानेच शिकवले. बाजार समितीच्या काँक्रीटवर रबर उत्तम धरते, ओल्या फरशीवरही ते विश्वासू वाटले. तेच ठोकळे आमच्या काळ्या चिकण मातीत ऑगस्टमध्ये आधी रुतले आणि मग चाकासह पुढे सरकले, कारण ठोकळ्याखालची मातीच वाहत होती. लोहाराकडून बाभळीच्या ठोकळ्यांच्या तळाला लोखंडी पट्टीचे दात बसवून घेतल्यावर शेतात फरक पडला. परंतु तेच दात काँक्रीटवर घसरतात. त्यामुळे दातवाली जोडी शेतात आणि रबरी जोडी बाजारात, अशी विभागणी आम्ही केली आहे. फार चिखल असेल तेव्हा ठोकळ्याखाली रुंद फळीही टाकतो.

नातेवाइकाने भेट दिलेले पिवळ्या प्लास्टिकचे पोकळ ठोकळे कारमध्ये ठेवले होते. सपाट, कोरड्या जागी ते ठीक आहेत. हलके असल्याने घरातल्या कोणालाही उचलता येतात. पण सतत उन्हात राहिल्याने त्यांचा एक कोपरा तडकला आहे, आणि भरलेल्या पिकअपखाली मी ते कधीही लावणार नाही.

पिकअपचा एक प्रसंग नोंदवणे आवश्यक वाटते. बीडजवळच्या मांजरसुंबा घाटात मागचे एक चाक पंक्चर झाले. हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, म्हणून चालकाला ठोकळ्यांची गरज वाटत नव्हती. हँडब्रेक मागच्या चाकांवरच चालतो आणि आमच्या पिकअपचा तो सैल झालेला होता. शिवाय मागचे एक चाक जॅकवर उचलले की डिफरन्शियलमुळे, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या रचनेमुळे, ते हवेतले चाक उलटे फिरू शकते, त्यामुळे गिअर जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला रोखून धरू शकत नाही. मी आग्रहाने दोन्ही पुढच्या चाकांना उताराच्या बाजूने ठोकळे लावायला सांगितले. जॅक वर जाताच गाडी किंचित हलून ठोकळ्यांना टेकली आणि थांबली. जॅकच्या आधी ठोकळा, हा क्रम तेव्हापासून आमच्याकडे बदलत नाही. उतार असेल तर ठोकळा उताराकडच्या बाजूला, आणि जागा सपाट असेल तर त्याच चाकाच्या पुढे व मागे दोन्हीकडे, टायरच्या मधोमध घट्ट टेकवून लावतो.

काढताना हात चाकाखाली घालू नये. गाडी चढाकडे किंचित पुढे घेऊन, ठोकळ्याला बांधलेल्या दोरीने तो ओढून घ्यावा. ही दोरी मी प्रत्येक जोडीला बांधली आहे, आणि तिच्यामुळे ठोकळा रस्त्यावर विसरला जात नाही. घाटात ट्रक निघून गेल्यावर मागे राहिलेले दगड रात्री दुचाकीस्वारांच्या जिवावर येतात, याचा विचार चालकांनी करायलाच हवा.

रबरी जोडी मला साडेनऊशे रुपयांना पडली आणि नऊ महिन्यांनंतर तिच्या कडा थोड्या झिजल्या आहेत, बाकी ती शाबूत आहे. आता ट्रॉलीसाठी २२ सेंटिमीटर उंचीची बाभळीची स्वतंत्र जोडी सुताराकडे टाकली आहे. तिचा तळ सपाट ठेवून दातांची पट्टी बोल्टने लावता-काढता येईल अशी करायला सांगितली आहे.