डब्यावरचे १२०० आणि आमचं चिऱ्याचं घर

आमच्या वायफाय राऊटरच्या खोक्यावर 'एसी १२००' असं ठसठशीत छापलंय; एसी ही वायफायची एक पिढी. ५ गिगाहर्ट्झच्या बँडचे (लहरींच्या पट्ट्याचे) ८६७ आणि २.४च्या बँडचे ३०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मिळवून ओढूनताणून केलेली ती बेरीज. एका मोबाईलला एका वेळी एकच बँड मिळतो, तेव्हा १२०० विसरा.

आमचं घर गोव्यातलं, फोंड्याकडचं, जुनं. मधे राजांगण, म्हणजे उघडा चौक, भोवती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जाड भिंती. राऊटर वसरीत, म्हणजे ओसरीवर, ठेवलाय. तिथे मोबाईलच्या वायफाय माहितीत लिंक स्पीड (मोबाईल आणि राऊटर ह्यांच्यातला वेग, एमबीपीएसमध्ये) ८६६ दिसतो, राजांगण ओलांडून माजघरात गेलं की ५८५ नाहीतर ३९०, स्वयंपाकघरात १९५. आषाढात भिंती पाणी पिऊन बसल्या की तिथेच ६५.

ह्यात राऊटरचा दोष नाही. सिग्नल हवेतल्या गोंगाटाच्या (नको असलेल्या लहरींच्या) बराच वर असला की राऊटर एका सिंबॉलमध्ये, म्हणजे लहरीच्या एका ठोक्यात, माहितीचे आठ बिट कोंबतो. सिग्नल पडत गेला की सहा, चार, दोन, शेवटी एकच. शिवाय खालच्या दरात निम्मे बिट चुका दुरुस्त करण्यातच जातात. पॅकेटची, म्हणजे माहितीच्या एका तुकड्याची, पोच आली नाही की ते पुन्हा पाठवायचं, तसं वारंवार झालं की खालचा दर धरायचा. हा राऊटर उतरतो चटकन, पण चढायला फार आढेवेढे घेतो. स्वयंपाकघरातून वसरीत येऊन बसले तरी बराच वेळ आकडा खालीच रेंगाळतो. माझी खरी तक्रार एवढीच.

आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा. लिंक स्पीडच्या साधारण निम्मा वेग हाती लागतो, म्हणजे १९५लाही फारसं अडत नाही. रडारड सुरू होते ती ६५वर. त्यावर उपाय सापडला: सेटिंगमध्ये चॅनेलची (राऊटर वापरतो त्या लहरींच्या पट्टीची) रुंदी ८०वरून ४० मेगाहर्ट्झ केली. कमाल दर ८६७वरून ४००वर आला, पण अर्ध्या रुंदीत गोंगाटही अर्धाच शिरतो, म्हणजे ३ डेसिबलचा फायदा. स्वयंपाकघरातला व्हिडिओ कॉल आता तुटत नाही.

खरी परीक्षा चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला. घुमट हे मातीचं वाद्य वाजवत केलेली आरती दुबईच्या दिरांना थेट दाखवायची, आणि राऊटर नि कॅमेरा धरलेला मोबाईल ह्यांच्यामध्ये सगळं गोत उभं. माणसाचं शरीरही ह्या लहरी शोषून घेतं. त्यात मागच्या खोलीत कुणाचा तरी जुनाट मोबाईल मंद दराने गाणी उतरवत असला की हवेतला बराचसा वेळ तोच खातो, बाकीचे ताटकळतात. त्याला त्या वेळेपुरता ब्लॉक करता येतो. राऊटरच्या ॲपमधली ती सोय मला सगळ्यात आवडली. भाच्याला आवडली नाही.

'स्मार्ट कनेक्ट' (दोन्ही बँड एकाच नावाखाली आणणारी सोय) मात्र बंद ठेवा आणि दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, नाहीतर सिग्नल पडला तरी मोबाईल ५ गिगाहर्ट्झलाच चिकटून कुथत बसतो. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो ॲडॅप्टरच्या आखूड वायरीसाठी. आमच्या वसरीत प्लग पार दाराशी आहे.