रिबाउंडर, एका हंगामानंतर: आधी जाळीचा ताण बघा

परवा आमच्या रिबाउंडरच्या, म्हणजे फुटबॉलचा पास मारला की चेंडू परत फेकणाऱ्या ताणलेल्या जाळीच्या चौकटीची, डावीकडची इलॅस्टिक दोरी तुटली. कंपनीशी झालेल्या फोनाफोनीचा राग अजून गेलेला नाही, तेव्हा आत्ताच लिहून टाकतो. मापं आणि घडी घालायची सोय सगळ्यांना माहीतच आहे. सांगाडा भक्कम, खुंट्या बऱ्या. मला बोलायचंय ते जाळीच्या ताणाबद्दल, कारण १० ते १२ वर्षांच्या मुलांना पासिंग शिकवताना सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो.

नवी जाळी तबल्यासारखी ताणलेली येते. पाच मीटरवरून सेकंदाला १० मीटर वेगाने पास मारला तर चेंडू अर्ध्या सेकंदात जाळीवर आदळतो आणि फार वेळ न घेता परत पायाशी. सुरुवातीला मी यावर बेहद्द खूश होतो. घोटा घट्ट, टेकलेला पाय चेंडूच्या शेजारी, पायाच्या आतल्या बाजूने स्वच्छ फटका. हे सगळं मुलांच्या अंगात मुरलं. डावा पाय नुसता टेकण्यापुरता वापरणारी मुलंही त्याने पास द्यायला लागली.

मॅचमध्ये मात्र मान खालीच. पास सुरेख, पण थेट गर्दीत. उजवीकडचा मोकळा सहकारी हात वर करून उभाच. घट्ट जाळी मुलाला चेंडूवरून नजर उचलायला फुरसतच देत नाही, आणि तीच सवय मैदानात येते. नॉर्वेचे क्रीडा मानसशास्त्रज्ञ गेइर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या फुटबॉल खेळाडूंचे व्हिडिओ तपासून, चेंडू मिळण्याआधीच्या सेकंदांत कोण किती वेळा आजूबाजूला बघतो हे मोजलं. जास्त बघणाऱ्यांचे पास जास्त यशस्वी ठरत होते. म्हणजे निर्णय चेंडू यायच्या आधी होतो, आणि आमची जाळी नेमका तोच वेळ खात होती.

मग दोऱ्या सैल पडल्या. कंपनीचं उत्तर: ही वापराची झीज, वॉरंटीत बसत नाही. सुटी दोरी विकत नाही, पूर्ण जाळी घ्या. वीतभर दोरीसाठी अख्खी जाळी! हे मला अजिबात पटत नाही आणि पटणारही नाही.

पण सैल जाळीने जे केलं ते बघून माझं मत फिरलं. चेंडू सावकाश आणि जरा वाकडा येऊ लागला, तशी मुलं चवड्यांवर राहून पाय हलवू लागली. मुख्य म्हणजे मागे बघायला वेळ मिळाला. मग दोन रंगांचे प्लास्टिकचे कोन (शंकू) मांडले आणि एका मुलाला त्याच दोन रंगांची बिब (जर्सीवर घालायची बंडी) देऊन पास मारणाऱ्याच्या मागे उभं केलं. पास सुटला की तो एक बिब वर धरतो. पास मारणाऱ्याने खांद्यावरून बघायचं, रंग ओरडायचा, अंग अर्धं वळवून चेंडू लांबच्या पायावर घ्यायचा आणि त्या रंगाच्या कोनमधून बाहेर काढायचा. घट्ट जाळीवर हे कुणालाच जमत नव्हतं. आता दोन्ही बाजू मुद्दाम सारख्या सैल ठेवतो आणि मुलांना आठ मीटरवर उभं करतो.

जर्मनीतल्या डॉर्टमुंड क्लबच्या फूटबोनॉट या सरावयंत्रात खेळाडूकडे चेंडू सुटला की भिंतीतली एक चौकट उजळते आणि पास तिथेच मारायचा असतो. तत्त्व तेच आहे. आपल्या जाळीत तो इशारा नाही, तो माणसाने द्यावा लागतो.

आणि जाळी अंगावर धावून येत नाही. दोघांविरुद्ध एक असताना बचावपटू आपल्याकडे ओढला जाईपर्यंत चेंडू धरायचा की लगेच सोडायचा, हे समोर खरा बचावपटू असल्याशिवाय कळत नाही. म्हणून रिबाउंडर सुरुवातीची दहा मिनिटं, आणि मग लगेच चौकोनात चौघांविरुद्ध एकाचा रोंडो, म्हणजे कडेचे चौघे आपसांत पास देतात आणि मधला एक चेंडू हिसकावायला बघतो. सरावले की चौघांविरुद्ध दोन. आधी दोन टच, म्हणजे एका स्पर्शात चेंडू थांबवायचा, दुसऱ्यात पास. वन टचची सक्ती लवकर केली तर मुलं न बघताच चेंडू टोलवतात. आणि कृपा करून बाहेरून ‘पास दे, पास दे’ ओरडू नका, निर्णय तुम्हीच घेऊन टाकता. चाल संपल्यावर ‘तुला काय दिसलं?’ एवढंच विचारा. पहिल्यांदा मुलं गप्प बसतात. काही दिवसांनी ‘सर, तो मोकळा होता, पण मध्ये एक उभा होता’ असं उत्तर येतं, आणि ते ऐकून मला गोल झाल्याइतका आनंद होतो.

एकट्याने सराव करणाऱ्या मुलासाठी घ्या, जरूर घ्या. संघासाठी एक पुरे. दुसऱ्याचे पैसे चार नंबरच्या (या वयाच्या मुलांच्या मापाच्या) चेंडूंत घाला, प्रत्येक मुलाला स्वतःचा चेंडू मिळू दे. घेण्याआधी दोरी सुटी मिळते का आणि हुकांवर ताण कमीजास्त करता येतो का, हे लेखी विचारून घ्या. आमच्या जाळीला सध्या सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्या आहेत. ताण हवा तसा मिळतो आणि नवी जाळी मी घेतलेली नाही.