कपाळपट्टी की कानामागचे पॅड? मुंबईत रोज वापरायचं ईईजी वेअरेबल बनवताना

ईईजी म्हणजे मेंदूचे विद्युत तरंग त्वचेवरून मोजणं. ते टिपणाऱ्या चिपवर फार वेळ घालवू नका. एडीएस१२९९ या ईईजीच्या चिपमध्ये २४ बिट, सेकंदाला २५० नमुने आणि साधारण १ मायक्रोव्होल्टचा गोंगाट मिळतो, तेवढं पुरतं. यंत्र फसतं ते इलेक्ट्रोडपाशी, म्हणजे त्वचेला टेकून सिग्नल घेणाऱ्या भागापाशी.

कपाळावर कोरडे, म्हणजे बिनजेलचे इलेक्ट्रोड असलेली पट्टी झटकन चढते, केस आड येत नाहीत. पण मेंदूचे तरंग जेमतेम १० ते १०० मायक्रोव्होल्टचे, आणि पापणी लवली की त्याहून मोठा ठोका बसतो. दिवसाच्या मोजणीला ही जागा बेभरवशाची. झोपेला मात्र हीच घ्या. गाढ झोपेतले ०.५ ते ४ हर्ट्झचे संथ तरंग इथे ठळक दिसतात.

घामाचा हिशोब थोडा उलटा आहे. कोरड्या इलेक्ट्रोडचा त्वचेशी विद्युत अवरोध सुरुवातीला शेकडो किलोओम असतो. त्वचा ओलावली की तो उतरतो आणि सिग्नल सुधारतो. दमट हवेचा एवढा तरी फायदा! घाम वाढला की शेजारच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये खारट पूल जमतो आणि दोघे एकच सिग्नल दाखवू लागतात. ०.५ हर्ट्झचा हाय-पास फिल्टर संथ हेलकावे काढतो, हा पूल काढत नाही. म्हणून पट्टीला सुती अस्तर नको, ते घाम पसरवतं. मध्ये सिलिकॉन ठेवा, अंतर निदान ३ सेंटीमीटर.

कानामागे हायड्रोजेल (ओलसर चिकट जेल) पॅड लावले तर अवरोध खूप कमी आणि पापण्यांचा त्रासही कमी. दोन पॅड अगदी शेजारी लावले तर सिग्नल खुजा होतो. एक कानाच्या वरच्या टोकाशी, दुसरा खाली हाडावर लावा. खोबरेल तेल असेल तर आधी स्पिरिटने पुसा, नाहीतर पॅड चिकटणारच नाही. चष्म्याची काडी घासते. वडापाव चावताना जबड्याचे स्नायू सगळं झाकून टाकतात, तेवढा भाग टाकून द्यावा लागतो. पॅड रोज नवे, हा खर्च आधीच धरा.

लोकलची ओव्हरहेड वायर २५ किलोव्होल्ट, ५० हर्ट्झची. दोन इलेक्ट्रोडांचे अवरोध असमान असले की तिची गुणगुण आत शिरते, त्यामुळे बायस इलेक्ट्रोड, म्हणजे ही गुणगुण दाबणारा जादा इलेक्ट्रोड, दोन्ही रचनांत हवाच. नेमका ५० हर्ट्झ काढणारा नॉच फिल्टर फक्त दाखवायच्या सिग्नलवर लावा. कच्च्या सिग्नलमधला ५० हर्ट्झ वाढला की संपर्क सुटतोय हे कळतं.

४ चॅनेलांना सेकंदाला २४ किलोबिट लागतात. ब्लूटूथ लो एनर्जी पुरे, वायफाय बॅटरी खातं. चार्जिंगला लावलेलं यंत्र डोक्यावर चालूच होऊ नये, अशी सोय सर्किटमध्येच करा.

झोपेसाठी पट्टी, दिवसासाठी पॅड. दोन्ही एकाच यंत्रात कोंबू नका. पॅडची चाचणी सोपी आहे: ३० सेकंद डोळे मिटा, ८ ते १२ हर्ट्झचा अल्फा तरंग चढायला हवा. काहींचा तो मुळातच क्षीण असतो, म्हणून चाचणी चार-पाच जणांवर घ्या, आणि एसी खोलीत नव्हे, पंख्याखाली.