यूकेत खासगी नंबरप्लेट: बिनसालाची घ्यावी की चालू पद्धतीची?

किंमत ठरवताना विक्रेत्यांच्या साइटवरचे आकडे बाजूला ठेवा. ते मागितलेले भाव असतात, मिळालेले नव्हेत. मिळत्याजुळत्या नंबराचा डीव्हीएलए (गाड्यांची नोंदणी करणारी सरकारी संस्था) लिलावातला निकाल बघा. हातोड्याच्या भावावर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, लिलावाचा प्रीमियम, व्हॅट आणि नंबर गाडीला लावण्याची ८० पौंडांची असाइनमेंट फी चढते. पुढे विकताना हा वरचा खर्च भरून निघेलच असं नाही.

१९६३ पूर्वीच्या बिनसालाच्या, म्हणजे गाडीचं साल न सांगणाऱ्या नंबरात अक्षरं-आकडे जितके कमी, तितका भाव जास्त. कुठल्याही वर्षाच्या गाडीला चालतो, म्हणून गिऱ्हाईकही जास्त. स्वस्तात हवा तर उत्तर आयर्लंडचा घ्या. त्यात आय किंवा झेड असतो, पण गाडीचं वय तोही लपवतो.

सप्टेंबर २००१ पासूनची चालू पद्धत म्हणजे दोन अक्षरं, दोन आकडे, तीन अक्षरं. डीव्हीएलएकडे सुरुवात साधारण २५० पौंडांपासून. पाटलांनी 'पीए७१ एल...' घेतला तर इंग्रजी सातचा टी, एकचा आय वाचता येतो. मात्र ७१ म्हणजे सप्टेंबर २०२१ पासूनची नोंदणी. त्याआधीच्या गाडीला तो लावता येत नाही. आणि 'पाटील' नीट दिसावं म्हणून मधली जागा सरकवली की एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) नापास, वर १,००० पौंडांपर्यंत दंड. शिवाय पुढचं गिऱ्हाईक दुसरा पाटीलच शोधावा लागणार.

गाडी बदलत राहणार आणि पैसे अडकले तरी चालतील, तर बिनसालाचा. नुसती नावाची हौस असेल तर चालू पद्धतीचा, पण तो खर्च समजूनच. जुनी गाडी आणि बजेट कमी, तर उत्तर आयर्लंडचा.