घरात हळू वाजवायला बॉस कटाना-५०

जुना १५ वॅटचा व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) गिटार अँप खरखरतो आणि घरात फार मोठा वाजतो, तर काय करावं? खरखर बहुतेकदा पॉटमधल्या, म्हणजे नॉबमागच्या फिरत्या भागातल्या, धुळीची असते, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. चॅसिस (आतले भाग बसवलेला धातूचा सांगाडा) मात्र तंत्रज्ञाकडूनच उघडून घ्या. प्लग काढल्यावरही वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणं व्होल्टेज उरतं.

तक्रार मोठ्या आवाजाचीच असेल, तर बॉस कंपनीचा कटाना-५० हा गिटार अँप घ्या. पॉवरच्या नॉबवर ०.५, २५ आणि ५० वॅट असे टप्पे आहेत. अर्धा वॅट म्हणजे १५ वॅटपेक्षा साधारण १५ डेसिबल कमी. तरी बंद खोलीत तो चांगलाच ऐकू येतो! गेन (आवाजाला खरखरीत धार देणारा नॉब) आणि व्हॉल्यूम आधी जुळवा, मग एकूण आवाजाचा मास्टर नॉब उतरवा. हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो, तो किंचित वाढवा. स्पीकर १२ इंची, त्यामुळे आवाज डबड्यासारखा होत नाही. अँपवरच्या आवाजाच्या प्रकारांपैकी जोरकस ब्राउनपेक्षा रात्री सौम्य क्रंचच बरा.